घोटी म्हणजे मासा? इंग्रजी उच्चारांबद्दल वाचकांचे प्रश्न

इंग्रजी उच्चार आणि स्पेलिंग यांबद्दल नाशिक शहरातून आणि जिल्ह्यातून आलेल्या प्रश्नांपैकी निवडक प्रश्न या वेळी घेतले आहेत. वाचताना दोन गोष्टी लक्षात असू द्या. स्पेलिंग सांगायचं असेल तिथे आम्ही अक्षरांची नावं दिली आहेत: जीएच, ओ, टीआय अशी. आणि उच्चार दाखवताना 'झ' आला, की तो 'पिझ्झा'तला समजा, 'झाड'मधला नव्हे.

प्रश्न : आमच्या गावाच्या नावावरून मुंबईचे पाहुणे चेष्टा करतात. 'घोटी' इंग्रजीत लिहिलं की त्याचा उच्चार 'फिश' होतो म्हणे. यात तथ्य किती? (घोटी, ता. इगतपुरी)

चेष्टा जुनी आहे आणि तुमच्या गावाशी तिची गाठ पडली ती केवळ योगायोगाने. जीएच घ्यायचा 'टफ'मधला, म्हणजे फ. ओ घ्यायचा 'विमेन'मधला, म्हणजे इ. टीआय घ्यायचा 'नेशन'मधला, म्हणजे श. झालं 'फिश'. हा विनोद सर्रास बर्नार्ड शॉ यांच्या नावावर खपवला जातो. त्यांना इंग्रजी स्पेलिंगचा मनापासून तिटकारा होता हे खरं. पण त्यांचा जन्म १८५६चा, आणि हा विनोद १८५५ सालच्या पत्रात सापडतो. चार्ल्स ऑलियर या प्रकाशकांनी ली हंट या लेखकाला ते पत्र लिहिलं होतं आणि विनोदाचं श्रेय आपल्या मुलाला दिलं होतं.

आता तथ्य किती? शून्य. कोणताही इंग्रज हे स्पेलिंग पाहून 'गोटी' किंवा 'गोटाय' असंच काहीतरी वाचेल. कारण इंग्रजीत अक्षराचा उच्चार ते शब्दात कुठे बसलंय यावर ठरतो. जीएच शब्दाच्या सुरुवातीला आला तर तो कायम ग: घोस्ट लिहायचं, गोस्ट म्हणायचं. फ होतो तो एयू किंवा ओयू यांच्या मागोमाग आला तरच, आणि तेही मोजक्या शब्दांत: लाफ, कफ, रफ, टफ, इनफ. टीआयचा श होतो तो पुढे आणखी स्वर असेल तेव्हा: नेशन, पेशंट, पार्शल. शब्दाच्या शेवटी कधीच नाही. आणि ओचा इ होणारा शब्द अख्ख्या भाषेत एकच, 'विमेन'. जुन्या इंग्रजीत बाईला 'वीफमन' म्हणत. एकवचनात सुरुवातीच्या व्-मुळे पुढचा स्वर गोल होऊन 'वुमन' झालं, अनेकवचनात मूळचा इ टिकला. लिहिताना मात्र दोन्हीकडे ओ घातला गेला.

जीएच हे प्रकरण इतकं विचित्र का, तेही सांगायला हवं. पूर्वी तो खराखुरा उच्चारला जायचा, उर्दू 'ख़बर'मधल्या ख़च्या जवळचा. 'नाइट' हा शब्द 'निख़्त' असा काहीतरी म्हटला जाई. हा आवाज पुढे काही शब्दांत नाहीसा झाला, काहींत त्याचा फ झाला, लिखाणात मात्र जागचा हलला नाही. म्हणूनच ओयूजीएच ही चार अक्षरं 'दो'मध्ये ओ, 'थ्रू'मध्ये ऊ, 'बाउ'मध्ये आउ, 'थॉट'मध्ये ऑ, 'टफ'मध्ये अफ आणि 'कफ'मध्ये ऑफ अशी सहा सोंगं घेतात.

स्वरांची गत याहून वाईट. साधारण १४०० ते १७०० या काळात इंग्रजीतले सगळे दीर्घ स्वर तोंडातली आपापली जागा सोडून सरकले. त्याआधी 'नेम' हा शब्द जवळजवळ आपल्या 'नाम'सारखा ऐकू यायचा, 'टाइम' हा 'टीम'सारखा आणि 'हाउस' हा 'हूस'. ही सरकासरक चालू असतानाच, १४७६ साली, विल्यम कॅक्स्टनने वेस्टमिन्स्टरला छापखाना घातला आणि त्या घडीची स्पेलिंगं कागदावर पक्की होऊ लागली. उच्चार पुढे गेले, खिळे मागे राहिले. कॅक्स्टन बराच काळ फ्लॅंडर्समधल्या ब्रूजला राहिलेला, तिथल्या लिखाणाची सवय लागलेला. 'घोस्ट'मधला निरुपयोगी एच तिथूनच आला असं मानतात.

प्रश्न : कर्नल या शब्दाच्या इंग्रजी स्पेलिंगमध्ये आर औषधालाही नाही, मग 'र' येतो कुठून? लेफ्टनंटमध्येही एफ दिसत नाही. आमच्या भागात हे शब्द रोज कानावर पडतात म्हणून विचारतो. (देवळाली कॅम्प)

मूळ शब्द इटालियन, 'कोलोनेल्लो': सैन्याच्या रांगेचा, म्हणजे कॉलमचा प्रमुख. फ्रेंचांनी तो घेताना जवळजवळ आलेल्या दोन ल-पैकी पहिल्याचा र केला, 'कोरोनेल'. जीभ असं करते. दोन सारखे आवाज लागोपाठ आले की एक बदलून टाकते. इंग्रजांनी सोळाव्या शतकात हा र-वाला शब्द उचलला. पुढे इटालियन रूपच शुद्ध म्हणून लिहिताना एल आला, बोलताना र तसाच राहिला आणि मधला स्वर गळून 'कर्नल' उरलं. लेफ्टनंटमधला फ ब्रिटिश बोलीतला. अमेरिकन माणूस 'लूटेनंट' म्हणतो, आपलं लष्कर ब्रिटिश वळणाचं.

एक गंमत पाहा. मराठीने हे दोन्ही शब्द कानाने घेतले, छापील कागदावरून नाही. म्हणून ते बरोबर आले. बाटलीसुद्धा अशीच कानावाटे आली. चुका होतात त्या नंतरच्या, पाटीवर वाचून घेतलेल्या शब्दांत.

आणि तुमच्या गावाने इंग्रजीला दिलेला शब्दही सांगून ठेवतो: 'डूलॅली', म्हणजे डोकं फिरलेला. मायदेशी जाणाऱ्या बोटीची वाट बघत गोरे शिपाई देवळालीच्या छावणीत महिनोन्‌महिने कुजत पडायचे. त्यातून वेडावल्यासारखं वागणाऱ्याला 'डूलॅली टॅप' झाला म्हणत. टॅप म्हणजे आपला ताप. 'देव'मधला एव् त्यांना जमला नाही, त्याचा ऊ झाला. आघात, म्हणजे उच्चारातला जोर, तोही त्यांनी आपल्या सवयीने मधल्या 'लॅ'वर टाकला.

प्रश्न : मी वाइनरीत पाहुण्यांना माहिती देतो. परदेशी पाहुणे 'वाइन' आणि 'व्हाइन' या शब्दांवर हमखास गोंधळतात आणि पुन्हा विचारतात. नक्की कुठे चुकतंय? (गंगापूर रोड, नाशिक)

द्राक्षाची दारू डब्ल्यूने, द्राक्षाचा वेल व्हीने. दिवसभर हेच दोन शब्द तोंडात असणाऱ्या माणसाला हा फरक साधलाच पाहिजे.

मराठी 'व' या दोन्हींच्या मधोमध आहे. खालचा ओठ वरच्या दातांजवळ जातो खरा, पण घासत नाही. आणि ओठ पुरते गोलही होत नाहीत. इंग्रजी कानाला व्ही अपेक्षित असताना तो डब्ल्यू वाटतो आणि डब्ल्यू अपेक्षित असताना व्ही. भरीला आपलं लेखन. व्हीसाठी आपण 'व्ह' लिहितो: व्हॅन, व्हिडिओ. पण डब्ल्यूएचसाठीही 'व्ह'च लिहितो: व्हील, व्हाइट, व्हॉट्सॲप. म्हणजे 'व्हिडिओ' आणि 'व्हॉट्सॲप' यांची सुरुवात मराठीत सारखी दिसते, इंग्रजीत ते दोन निराळे आवाज आहेत. शिवाय 'जेव्हा', 'केव्हा' यांतला श्वासाचा 'व्ह' तिसराच. तो इंग्रजीत नाहीच.

आरशासमोर उभे राहा. व्हीसाठी खालच्या ओठाची आतली कड वरच्या दातांना हलकेच टेकवा आणि आवाज काढत तीन सेकंद तसाच धरा. ओठाला गुदगुल्या झाल्या पाहिजेत. झाल्या नाहीत तर ओठ लांब आहे. आवाज न होता नुसती हवा फुसफुसली तर तो फ झाला. डब्ल्यूसाठी दात विसरा. 'ऊ' म्हणताना होतात तसे ओठ गोल करून पुढे काढा आणि तिथून झटकन पुढच्या स्वरावर या: ऊ-आइन, ऊ-आइन, वेग वाढवत 'वाइन'. आरशात दात दिसले तर चुकलं. सोपी खूण अशी, की व्ही लांबवता येतो. डब्ल्यू लांबवायला गेलात तर नुसता ऊ उरतो.

आधी शब्द सुटे म्हणा, मग जोडीने: वेस्ट–व्हेस्ट, वेट–व्हेट, वाइन–व्हाइन. शेवटी दोन्ही एकत्र असलेले तुकडे घ्या: 'व्हेरी वेल', 'वी व्हिझिट', 'व्हाइट वाइन' (यात दोन्ही डब्ल्यू आहेत, फसू नका). रोज पाच मिनिटं पुरतात. दुसऱ्या आठवड्यात बहुतेकांचं उलटं होतं: व्ही जमला म्हणून सगळेच डब्ल्यू दात लावून म्हटले जातात. तसं झालं की आठवडाभर फक्त डब्ल्यू करा.

'व्हिनयार्ड'मध्ये वेल असला तरी आय ऱ्हस्व होतो आणि शेवट पडतो: 'व्हिन्यड'. 'व्हाइन-यार्ड' असा उच्चार नाही. बाटलीवरची नावं फ्रेंच आहेत, तिथे शेवटचा टी गिळायचा: कॅबर्ने, मर्लो, पीनो. सोव्हिन्याँ ब्लाँमधला शेवटचा सीसुद्धा. अपवाद 'ब्रूट', त्यातला टी फ्रेंच माणूसही म्हणतो.

प्रश्न : आम्ही कांदा बाहेर पाठवतो. फोनवर 'ओनियन एक्स्पोर्ट' म्हटलं की समोरचा 'पार्डन?' म्हणतो. (लासलगाव)

दोन्ही शब्द दुरुस्त करू.

कांदा म्हणजे 'अन्यन'. दोनच अवयव (शब्दाचे एका दमात म्हटले जाणारे तुकडे: अन्-यन), जोर पहिल्यावर, ओचा उच्चार अ. हे ओचं अ होणं तुम्हाला सन, कम, लव्ह, मंक, टंग, हनी अशा कितीतरी शब्दांत भेटेल, आणि यांतल्या पुष्कळांमागे हस्ताक्षराचं कारण आहे. मध्ययुगातले लेखनिक आय, यू, एन, एम ही अक्षरं सारख्याच उभ्या दांड्यांनी काढत आणि यू व व्ही यांना एकच चिन्ह वापरत. यूच्या शेजारी एन किंवा एम आला की दांड्यांचं कुंपण व्हायचं, कुठलं अक्षर कुठे संपलं कळेना. म्हणून त्यांनी यूच्या जागी ओ लिहायला सुरुवात केली. वाचायला सोपं झालं. उच्चार यूचाच राहिला आणि पुढे त्याचा अ झाला.

'एक्स्पोर्ट'ची गोष्ट आघाताची आहे. मराठीत आपण सगळ्या अवयवांना साधारण सारखं वजन देतो, इंग्रजीत एक अवयव उचलला जातो आणि बाकीचे चेपले जातात. माल पाठवणं ही क्रिया असेल तर जोर 'पोर्ट'वर: 'वी इक्स्पोर्ट अन्यन्झ'. निर्यात हे नाम असेल तर जोर 'एक्स'वर. इम्पोर्ट, परमिट, रेकॉर्ड, कॉन्ट्रॅक्ट, इन्क्रीज यांचंही तसंच. 'प्रोड्यूस'वर पहिला जोर दिला तर त्याचा अर्थ शेतमाल होतो. पण सरसकट लावू नका: 'रिपोर्ट' आणि 'सपोर्ट' यांचा जोर नाम असो वा क्रियापद, शेवटीच.

जोर द्यायचा म्हणजे ओरडायचं नाही. तो अवयव थोडा लांब आणि थोडा वरच्या पट्टीत, आणि शेजारचे इतके हलके की त्यातला स्वर अस्पष्ट 'अ'वर किंवा आखूड 'इ'वर येतो. बहुतेक लोक पहिला भाग करतात, दुसरा विसरतात. म्हणून शब्द खणखणीत वाजूनही ऐकणाऱ्याला सापडत नाही. टेबलावर बोटाने ताल धरा, जोराच्या अवयवावर ठोका, बाकीचे मधल्या वेळेत उरकायचे. तुमच्या कामाचे आणखी काही: 'व्हेज्टबल' (तीन अवयव, 'टेबल' नाही), 'पॉमिग्रॅनिट' (जोर पॉवर, शेवट 'नेट' नाही), 'रेझन', 'कन्टेनर' (जोर टेवर).

प्रश्न : अर्जात 'ए एमए' लिहावं की 'ॲन एमए'? शिक्षक एक सांगतात, मोबाइल दुसरं. (कॉलेज रोड, नाशिक)

'ॲन'. नियम अक्षराचा नाही, कानाला ऐकू येणाऱ्या पहिल्या आवाजाचा आहे. एम हे व्यंजन असलं तरी त्याचं नाव 'ए'ने सुरू होतं. ज्यांची नावं स्वराने सुरू होतात अशी इंग्रजी अक्षरं बारा: ए, ई, एफ, एच, आय, एल, एम, एन, ओ, आर, एस, एक्स. या बारांपैकी एखाद्याने सुरू होणारं आणि अक्षरं सुटी म्हणून उच्चारलं जाणारं प्रत्येक संक्षिप्त रूप 'ॲन' घेतं: एसएससी, एचएससी, एमआयडीसी, एलआयसी, एफआयआर, एनजीओ. यू या यादीत नाही, कारण तो 'य'ने सुरू होतो. म्हणून युनिव्हर्सिटी, युरोपियन, यूपीआय यांना 'ए'. 'वन' व-ने सुरू होतो, त्यालाही 'ए'.

संक्षेप शब्दासारखा वाचला जात असेल तर गणित बदलतं. नाफेड आपण एन-ए-एफ असं फोडून म्हणत नाही, म्हणून 'ए नाफेड सेंटर'. अवर, ऑनेस्ट, ऑनर, एअर (वारस या अर्थाचा) या चार शब्दांत एच मुका, तिथे 'ॲन'. हॉटेल आणि हॉस्पिटलला 'ए'.

प्रश्न : मुलीच्या शाळेत 'डॉग्झ' म्हणायला शिकवतात, आम्ही आयुष्यभर 'डॉग्स' म्हणत आलो. तसंच 'वॉच्ट' की 'वॉचेड'? (पंचवटी)

शाळा बरोबर आहे. अनेकवचनाचा एस तीन प्रकारे वाजतो, आणि ते पाठ करायची गरज नाही, घशावर दोन बोटं ठेवली की कळतं. मूळ शब्दाच्या शेवटच्या आवाजाला घसा थरथरत नसेल, म्हणजे प, ट, क, फ, थ असेल, तर स: ग्रेप्स, कॅट्स, बुक्स. थरथरत असेल तर झ: डॉग्झ, पेन्झ, डेझ. शब्दच स, झ, श, च, ज अशा आवाजांवर संपत असेल तर मध्ये इ घालून इझ: बसिझ, वॉचिझ. 'ही ईट्स', 'शी रन्झ' यांनाही हाच नियम. इझ, वॉझ, हॅझ, हिझ या चार रोजच्या शब्दांत शेवटी झ आहे, हेच बहुतेकांचं राहून जातं.

ईडीचंही त्याच धर्तीवर. थरथर नसेल तर ट: वॉच्ट, हेल्प्ट, वॉक्ट. थरथर असेल तर ड: प्लेड, ओपन्ड. आधीच ट किंवा ड असेल तरच इड: वॉन्टिड, नीडिड. म्हणजे 'वॉचेड' आणि 'हेल्पेड' चूक. विकिड, नेकिड आणि विद्वान या अर्थाचं 'लर्निड' ही विशेषणं मात्र जुन्या वळणाची, त्यांत इड टिकला आहे.

हा झ आपल्या 'जग'मधल्या ज-हून वेगळा आहे. ज म्हणताना जीभ क्षणभर टेकते आणि सुटते. झमध्ये ती टेकतच नाही. 'स्स्स्स' असा लांब स काढा, जीभ न हलवता त्यात घशाचा आवाज मिसळा. आला झ.

एवढं कशाला, असं वाटेल. पण 'लूज' (सैल) आणि 'लूझ' (हरवणं), 'राइस' आणि 'राइझ', 'प्राइस' आणि 'प्राइझ' यांत फरक याचाच आहे. पहिला शब्द लिहिताना आपण ज लिहितो, तिथे खरं तर स हवा: 'लूस'. यूज, क्लोज, हाउस हे शब्द नाम-विशेषण असताना स-वर आणि क्रियापद असताना झ-वर संपतात. आणखी एक बारकावा: झच्या आधीचा स्वर जरा लांबतो, सच्या आधीचा आखडतो. झ नीट जमत नसेल तर निदान स्वर लांबवा, ऐकणाऱ्याला अर्थ लागतो.

प्रश्न : मी प्राथमिक शाळेत इंग्रजी शिकवते. उच्चार कळावा म्हणून मुलं शब्दाखाली देवनागरी लिहितात. हे चांगलं की वाईट? (सिन्नर)

चांगलं, पण देवनागरी कुठे फसवते ते बाईंना ठाऊक हवं. सगळ्यात मोठा खड्डा 'ए'च्या मात्रेत आहे. लिहायचं पेन आणि दुखणं या अर्थाचं पेन, दोन्ही आपण सारखेच लिहितो. गेट (मिळणं) आणि गेट (फाटक), लेट (देणं-सोडणं) आणि लेट (उशीर), टेस्ट (परीक्षा) आणि टेस्ट (चव), सेल (विकणं) आणि सेल (विक्री), एज (कडा) आणि एज (वय), सगळ्या जोड्या वहीत एक होतात. इंग्रजीत पहिल्यात आखूड, सैल ए आहे. दुसऱ्यात ए सुरू होऊन इ-कडे घसरतो. मराठी ए स्थिर आणि लांब, म्हणून दोन्हींना अपुरा.

उपाय वहीतच आहे. घसरणारा असेल तिथे इ लिहायला लावा: पेइन, गेइट, लेइट, टेइस्ट. म्हणताना जबडा किंचित मिटत गेला पाहिजे. आखूड असेल तिथे तोंड साधारण एक बोट उघडं आणि शब्द झटकन संपलेला. मग तिसरा शेजारी ॲ घ्या, तोंड दोन बोटं: मॅन, मेन, मेइन. बॅड, बेड. ॲ आणि ऑ ही चिन्हं मराठीने इंग्रजी शब्दांसाठी वापरात आणली त्याचा आपल्या मुलांना फार फायदा होतो.

दुसरा खड्डा शिप–शीप, फिल–फील, लिव्ह–लीव्ह. आपण समजतो फरक फक्त ऱ्हस्व-दीर्घाचा आहे. तसा नाही. जहाजाच्या 'शिप'मध्ये जीभ थोडी खाली आणि सैल असते, जवळजवळ ए-कडे झुकलेली. मेंढीच्या 'शीप'मध्ये ताठ, ओठ फाकलेले. मुलं नुसता इ आखडतात आणि दोन्ही एकच ऐकू येतं. 'शिप' म्हणताना 'शेप'कडे जायचा प्रयत्न करा असं सांगितलं तर वर्गात चटकन जमतं.

तिसरं, 'प'चा श्वास. इंग्रजीत शब्दाच्या सुरुवातीचे प, ट, क हवेचा झोत सोडत येतात, पण त्यांच्याआधी स आला की झोत जातो. तळहाताएवढी कागदाची पट्टी तोंडासमोर चार बोटांवर धरा: 'पिन' म्हटलं की हलली पाहिजे, 'स्पिन'ला नाही. आपला प कायम बिनझोताचा, त्यामुळे 'पिन' परक्या कानाला 'बिन' वाटू शकते. चौथीपर्यंत यात वेळ घालवू नका. ए आणि इ आधी.

प्रश्न : प्लंबर की प्लमर? (सातपूर)

इंग्रजी बोलताना 'प्लमर'. शब्दाच्या शेवटी एमबी आले की बी मुका: क्लाइम, थम, लॅम, बॉम. त्यांपासून झालेल्या शब्दांतही तो मुकाच राहतो, म्हणून क्लायमर, बॉमर. 'नंबर' आणि 'टिंबर'मध्ये मात्र बी वाजतो, कारण तिथे मुळात शब्द एमबीवर संपलेलाच नाही. नळकामाचा हा शब्द शिशाच्या लॅटिन नावावरून, 'प्लुंबुम'वरून आला. पूर्वी नळ शिशाचे असत. नळ गळत असेल तर मराठीत खुशाल प्लंबरलाच बोलवा. तो आता मराठी शब्द आहे आणि 'प्लमर' म्हटलंत तर कोणी येणार नाही.

कर्ज या अर्थाच्या 'डेट'मधला बी आणि 'रिसीट'मधला पी यांचं दुखणं निराळं. ते कधीच उच्चारले जात नव्हते. विद्वानांनी लॅटिन मूळ दिसावं म्हणून ते मागाहून घातले. 'आयलंड'मधला एस तर चुकून घातला, त्या शब्दाचा लॅटिनशी संबंधच नव्हता.

प्रश्न : सीएच कधी च, कधी क, कधी श. ओळखायचं कसं? (इंदिरानगर, नाशिक)

शब्द कुठून आला त्यावरून. अस्सल इंग्रजी आणि जुन्या काळी मुरलेले शब्द च घेतात: चेअर, चीज, चर्च. ग्रीकमधून आलेले क: केमिस्ट, स्टमक, आर्किटेक्ट, एको, कॅरेक्टर. अलीकडे फ्रेंचमधून आलेले श: शेफ, मशीन, ब्रोशर, आणि संगणकातला 'कॅश' (कॅशे नव्हे). ग्रीक शब्दाची खूण म्हणजे विज्ञान, वैद्यक, संगीत यांतला विषय, किंवा त्याच शब्दात पीएच, पीएस किंवा मधोमध वाय दिसणं. सीएचच्या पुढे आर किंवा एल असेल तर डोळे मिटून क म्हणा: क्रोम, क्लोरीन.

प्रश्न : 'शेड्यूल' की 'स्केज्यूल'? 'ऑफन' की 'ऑफ्टन'? (नाशिक रोड)

चारही बरोबर. पहिल्या जोडीत पहिला ब्रिटिश, दुसरा अमेरिकन. 'ऑफन'मधला टी मुका झाला होता, स्पेलिंग बघून लोकांनी तो परत म्हणायला सुरुवात केली आणि आता शब्दकोश दोन्ही देतात. एका भाषणात एकच धरा.

प्रश्न : मुलाखतीला जायचं आहे. प्रत्येक शब्द विचारायला माणूस कुठून आणू? आणि गोऱ्यासारखा ॲक्सेंट हवा का? (सिडको, नाशिक)

ॲक्सेंटच्या फंदात पडू नका. आपला थ दाताला टेकतो, आपला र सगळीकडे वाजतो, आपला ट थोडा मागे लागतो. यातल्या कशानेही अर्थ बिघडत नाही. वेळ घालवायचा तो चार ठिकाणी: आघात, व्ही आणि डब्ल्यू, स आणि झ, पेन आणि पेइन.

शब्दकोशातली चिन्हं शिकायला एक संध्याकाळ पुरते. सगळी शिकायचीही नाहीत. वरच्या बाजूला छोटी उभी रेघ दिसली की तिच्या लगेच नंतरच्या अवयवावर जोर. उलटं केलेलं छोटं ई दिसलं की अस्पष्ट अ, तो कधीच लांबवायचा नाही. स्वरापुढे विसर्गासारख्या दोन खुणा असतील तर तो दीर्घ. एवढ्यावर निम्मं काम होतं. ऑनलाइन शब्दकोशात कर्ण्याचं चिन्ह दाबून शब्द तीनदा ऐका, मग न ऐकता म्हणा, मग पुन्हा ऐका. ऐकत-ऐकत बरोबरीने म्हटलं तर आपली चूक आपल्याला ऐकू येत नाही.

उजळणीसाठी फोनचं बोलून टाइप करणं वापरा. भाषा इंग्रजी ठेवा आणि एकेक सुटा शब्द बोला: 'व्हेस्ट', 'पेइन', 'राइझ'. अख्खं वाक्य बोलू नका, फोन संदर्भावरून तुमची चूक स्वतःच दुरुस्त करून टाकतो आणि तुम्हाला वाटतं जमलं. सुटा शब्द पाचांपैकी चारदा बरोबर उमटला की पुढच्या जोडीकडे वळा.

मुलाखतीत हमखास येणारे वीस-पंचवीस शब्दच आधी घ्या: तुमच्या पदवीचं नाव, कंपनीचं काम, यंत्रांची नावं. 'डेव्हलप'वर जोर मध्ये, 'डेव्ह'वर नाही. 'कम्फ्टबल'मध्ये अवयव तीनच. 'इंजिनिअर'चा जोर शेवटी, 'मॅनेजमेंट'चा सुरुवातीला. 'वेन्झ्डे'मध्ये पहिला डी नाही. आणि उच्चाराला इंग्रजीत 'प्रनन्सिएशन' म्हणतात. 'प्रोनाउन्स' या क्रियापदातला आउ नामात येत नाही.